गुलबक्षीतला लाल

लियाकतभाईंनी येवल्यात तीस वर्षं पैठणीचं रेशीम रंगवलं. उकळत्या रंगाच्या वाफेनं दमा जडला, तेव्हा ते आणि रेहाना नाशिकला मुलाकडे, गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत राहायला आले. येताना रेहानानं एक कुंडी आणली होती.

तिच्या माहेरी गडद लाल गुलबक्षी होती. भावानं अंगणात फरशी घातली आणि झाड गेलं. त्याआधी तिनं वेचलेल्या बियांतली एकच या कुंडीत रुजली, आणि तिला फूल आलं ते गुलाबी. शेजारच्या पांढऱ्या गुलबक्षीचा पराग लागला असणार. रोज चार-साडेचारला कळ्या उमलल्या की रेहाना क्षणभर बघायची आणि आत जायची.

"लाल पुन्हा येईल का हो?" एकदा तिनं विचारलं.

"पातेल्यातला लाल एकदा पातळ झाला की झाला," लियाकतभाई म्हणाले. "पुन्हा गडद होत नाही." तिचा चेहरा पाहून, उगाच बोललो, असं त्यांना वाटलं.

वेळ जावा म्हणून ते जवळच्या नर्सरीत माती भरायला जात. मालकीण योगिनीताई जास्वंदीच्या नव्या जाती तयार करायच्या. लियाकतभाईंनी त्यांना रेहानाच्या गुलबक्षीचं सांगितलं.

"चाचा, फुलात रंग पातळ होत नाही," योगिनीताई म्हणाल्या. "त्या रोपात दोन वाटे आहेत, एक लालचा, एक पांढऱ्याचा. लालचा एकटा पडला म्हणून रंग अर्धाच भरतो. पण बी धरताना वाटे वेगळे होतात. लालचे दोन पुन्हा एकत्र आले, की फूल लाल. साधारण चारातलं एक."

आयुष्यभर रंगात बुडालेल्या हातांना हे पटेना. तरी त्यांनी कुंडीतल्या काही कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या, म्हणजे बाहेरचा पराग लागणार नाही. मिऱ्यांसारख्या काळ्या बिया धरल्या आणि जूनमध्ये गच्चीवर दुधाच्या पिशव्यांत लावल्या. उगाच आशा लागू नये म्हणून रेहानाला सांगितलं, नर्सरीची रोपं आहेत.

पानं फुटताच तिनं ती ओळखली. तेव्हापासून पाणी तीच घालू लागली.

सप्टेंबरात पहिलं फूल उमललं ते पांढरं. मग गुलाबी, पुन्हा गुलाबी. लियाकतभाई गच्चीवर जायचे थांबले. एका दुपारी वरून हाक आली, "मुन्नाचे अब्बा, वर या."

जिना चढून ते धापा टाकत पोचले. रेहाना एका रोपापाशी उकिडवी बसली होती. फूल लाल होतं. रेशमाच्या हजारो लडींचे रंग पारखलेला तो माणूस कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

"हाच का?" त्यांनी विचारलं.

"अम्मीचा याहून जरा गडद होता." मग ती हसली. "की मलाच तसं वाटतंय, कोण जाणे."

वीस रोपांत पाच लाल निघाली, चार पांढरी, बाकी गुलाबी. पांढरी खालच्या मजल्यावरच्या शुभांगीनं मागून नेली. गुलाबी रेहानानं एकही उपटू दिली नाही.

आता योगिनीताईंच्या जास्वंदींना पराग लियाकतभाईच लावतात. दुपारी रेहाना डबा घेऊन जाते आणि बसल्या बसल्या विचारते, "हिला कोणता रंग येईल?"

"सांगता येत नाही," ते म्हणतात, आणि डबा उघडतात.