बाईंचा हौद

कोणी पहिल्यांदा घरी आलं की बाई त्यांना चहाच्या आधी मागच्या अंगणातल्या हौदापाशी न्यायच्या. बालीगंजमधल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर एकट्या राहत आणि मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. घराणं मराठी, पण जन्म कलकत्त्याचाच, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच थांबून शब्द शोधत. आम्ही मुलं त्यांच्या माघारी त्यांना हौदबाई म्हणायचो.

हौदात शेवाळ होतं, पाणवनस्पती, गोगलगायी आणि तेचोखा नावाचे बोटभर मासे. माशांना खायला काय घालता, असं मी एकदा विचारलं.

"मी कोण घालणारी? शेवाळ उन्हावर वाढतं, किडे शेवाळावर आणि मासे किड्यांवर. माशांची घाण परत झाडांच्या कामी येते. मी फक्त आटलेलं पाणी भरते."

मेलेली गोगलगायसुद्धा त्या काढू देत नसत. तिचं काम अजून संपलेलं नाही, म्हणायच्या.

बाबांची बँकेतून कलकत्त्याला बदली होऊन आम्हाला वर्ष झालं होतं. त्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला, नंदूला, हिवताप झाला. तीन पांघरुणं घातली तरी त्याचे दात वाजत. आईची खात्री झाली की डास त्या हौदातूनच येतात. शेजाऱ्यांनीही मान डोलावली. मला घेऊन आई खाली गेली आणि उद्याच्या उद्या हौद रिकामा करा, असं तिनं बाईंना बजावलं.

बाईंनी वाद घातला नाही. करते म्हणाल्या, पण आधी तुमच्या घरातलं पाणी बघू द्या. पांढरा वाडगा घेऊन त्या वर आल्या. नळाला कधीही पाणी जायचं, म्हणून आईनं गच्चीत पिंप भरून ठेवलं होतं. अगदी नितळ पाणी. त्यातलं वाडगाभर घेतलं, तर वर बारीक काड्यांसारख्या डासांच्या अळ्या वळवळत होत्या. आईचा चेहरा उतरला.

बाईंनी तो वाडगा खाली नेला, आम्हीही मागोमाग गेलो, आणि त्यांनी तो हौदात ओतला. मासे धावून आले. थोड्या वेळात एकही अळी उरली नाही.

"तुमच्या पिंपात त्यांना खाणारं कोणी नाही, वहिनी. एवढंच."

आई हौदाच्या काठावर बसली आणि रडली. दुखण्याचं मूळ सापडलं, याचाच तिला धीर आला होता. कुणाच्या पिंपात काय मिळालं, हे बाईंनी कधी सांगितलं नाही. सगळ्यांनीच आठवड्याला पिंपं घासावीत, एवढंच इमारतभर सांगत फिरल्या. दुर्गापूजेच्या दिवसांत नंदू नवा सदरा घालून मंडपात हुंदडत होता. आईची नजर त्याच्यावरून हटत नव्हती.

दोन वर्षांनी आमची नागपूरला बदली झाली. टॅक्सी दारात उभी, बाबा घड्याळ बघतायत, आणि आई बाईंजवळ बसलेली. निघता निघता तिनं हळूच विचारलं, नव्या घरी असा हौद करायचा झाला तर सुरुवात कशी करू?

बाई शब्द शोधत क्षणभर थांबल्या.

"पाणी उन्हात ठेवा आणि वाट बघा. आधी शेवाळ येऊ द्या. मासे सगळ्यांत शेवटी."

टॅक्सीत बसल्याबरोबर आईनं ते मला वहीत लिहून ठेवायला लावलं.