उतरवलेल्या तारा

मिरजेहून आलेल्या म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या बायकोच्या, सुमनच्या, तंबोऱ्याच्या चारही खुंट्या सैल केल्या. तंबोरा बराच काळ वाजणार नसला की तारा उतरवून ठेवतात, नाहीतर भोपळ्यावर उगाच ओढ राहते. गळ्याच्या ऑपरेशननंतर सुमन पाटीवर लिहूनच बोलते. 'उतरवा' हेही तिनंच लिहिलं होतं.

मी त्या सैल तारा छेडून पाहिल्या. पंचम नाही, षड्ज नाही, चारी तारांचा एकच बद्द आवाज.

मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. आमचा एक सिद्धांत म्हणतो की विश्व अतिसूक्ष्म तारांचं आहे. तारेचं कंपन बदललं की कण बदलतो, त्याचं वस्तुमान बदलतं. पण ऊर्जा अफाट वाढवत नेली की तारेतल्या ताणाला काही किंमतच उरत नाही. ताण शून्य धरला की सगळी वस्तुमानं शून्य होतात, सगळे कण एका पंक्तीला बसतात. यासारखं सुंदर काही नाही, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगायचो. मुलं वहीत उतरवून घ्यायची. ते सौंदर्य कानाला कसं लागतं, हे मला आज कळलं.

तंबोऱ्यावर खोळ चढवताना कारागिरानं सवयीनं विचारलं, "ताई, परत लावायला कधी येऊ?"

सुमननं पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल उचलली, खाली ठेवली. मग कितीतरी वेळ ती कोरी पाटीच पदरानं पुसत राहिली.