खेळणाऱ्याला काही सांगायचे नाही

शाळा सुटली की मुले घरी जातात आणि किस्से बाईंकडे राहतात, अशी माझी समजूत होती. निवृत्त झाल्यावर कळले की ते नव्याने जमतही राहतात. सध्याचे सगळे माझ्या भिवंडीच्या घरातल्या पुढच्या खोलीत जमले. सना आणि केतन हे माझे दोन माजी विद्यार्थी विद्यापीठात गेम डिझाइन शिकतात आणि रविवारी अभ्यासाला माझ्याकडे येतात. सनाच्या घराखाली वडिलांचे यंत्रमाग धडधडतात. जवळच्या अंजूर गावात केतनच्या दारात गोदामाचे ट्रक उभे असतात. माझ्याकडे शांतता आहे आणि शुद्धलेखनही तपासून मिळते!

सनाचे एकच वर्ष उरले आहे. तिच्या वडिलांनी, म्हणजे युसूफने (तोही माझाच विद्यार्थी), ठरवून टाकले होते की आता शिक्षण पुरे, जूनपासून कारखान्याच्या ऑफिसात बसायचे. सना त्यावर बोलायला गेली की युसूफचा फोन वाजे, नाहीतर कुठेतरी सूत तुटे.

*

त्यांचा पहिला गेम मलाच खेळायला दिला. मी बराच वेळ एकाच भिंतीवर आपटत राहिले.

"केतन, दार कुठे आहे?"

दोघेही गप्प.

"प्रश्न विचारल्यावर उभे राहून उत्तर द्यायचे, हे मी शिकवले होते ना?"

केतन उभा राहिला आणि गप्पच राहिला! शेवटी सना म्हणाली, "बाई, खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तुम्हांला दार सापडत नाही, ही चूक आमची."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी एकाही शिक्षकखोलीत ऐकले नव्हते.

*

अंजूरच्या एका लग्नात केतनच्या मावशीने विचारले, "काय शिकतंस रं?"

"गेम."

"त्याला कालेज कशाला पायजे? आमचा पोर दिसभर घरानच खेलतंय. त्याला डायरेक पास करा!"

*

संगणकाला हात न लावता खेळ तयार करा, असे त्यांच्या सरांनी सांगितले. केतनने पुठ्ठ्यावर पडघ्यापासूनचा महामार्ग काढला, फासे घेतले आणि पडघ्याच्या चहाच्या टपरीवर चार ट्रकचालकांना खेळायला बसवले. जो आधी शेवटच्या घरात पोहोचेल तो जिंकेल. वाटेत एकाची सोंगटी 'गाडी बंद' या घरात अडकली. बाकीच्या तिघांनी फासे खाली ठेवले.

"खेलो ना, चाचा!"

"साथी को रस्ते में छोड़ के जाऊँ?"

खेळ संपलाच नाही. सर म्हणाले, "तुझा नियम चुकला." केतन म्हणाला, "नियम बरोबर आहे, सर. माणसं चांगली निघाली!"

*

सनाने आपल्या गेमसाठी मागांचा आवाज घरीच रेकॉर्ड केला आणि वर्गात लावला. सगळ्यांनी कान झाकले. मागच्या बाकावरून कोणी ओरडले, "सना, बंद कर!"

सना गोंधळून म्हणाली, "अजून तर एकच लूम चालू झालाय!"

*

तो गेम पूर्ण झाला तेव्हा मी युसूफला बोलावले. मी बोलावल्यावर तो अजूनही नाही म्हणत नाही. चप्पल दाराबाहेर काढून तो ताठ बसला.

पडद्यावर मागांची एक रांग होती. दूर दारात एक मुलगी उभी राहून काहीतरी बोलत होती. माग चालू केले की कापड वाढे आणि तिचे शब्द आवाजात बुडून जात. युसूफने झपाट्याने सगळे माग चालू केले.

"बघा बाई, एक पण बंद पडला नाही!"

"बघते आहे."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "ही पोरगी काय बोलते?"

सना ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मी तोंड उघडले, तर केतनने चक्क मला डोळ्यांनी दटावले!

युसूफने एक माग बंद केला. मग दुसरा. कापड हळू वाढू लागले. खिशातला फोन वाजला. त्याने तो न बघता बंद केला. शेवटचा माग थांबला तेव्हा सनाच्याच आवाजात ऐकू आले, "अब्बा, मला तुमच्याशी..."

आणि भोंगा झाला. पाळीची वेळ संपली. पडदा काळा.

युसूफ पुढे सरकला.

"परत लाव," तो म्हणाला.

सनाने लावला. या वेळी त्याने एकही माग चालू केला नाही. हात मांडीवर ठेवून, पडद्याकडेच पाहत तो म्हणाला,

"हां. बोल."