भिंतीकडचा तिसरा बाक

"ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल वन," नांदेडचे डॉक्टर म्हणाले. कूलरचा आवाज नको म्हणून माझी मुलगी मृण्मयी कानांवर हात धरून बसली होती.

याचा अर्थ, मेंदूची घडण जन्मापासून वेगळी. बोलणं, अभ्यास व्यवस्थित. पण गोंगाट आणि अचानक झालेला बदल सहन होत नाही. लोक याला 'हाय-फंक्शनिंग' म्हणतात. डॉक्टरांना तो शब्द मान्य नव्हता. "त्यामुळं मदत लागत नाही असं वाटतं. हिला लागते."

आम्ही लातूरहून आलो होतो ते मार्कांसाठी. चौथीत पहिली येणारी मुलगी पाचवीत एकाएकी मागं पडली होती. डोळे, कान, रक्त, सगळं तपासून झालं होतं. शाळेत पाचवीपासून दर शनिवारी चाचणी आणि सोमवारी मार्कांप्रमाणे बाक. यात आमच्याकडं कुणाला काही वावगं वाटत नाही.

"पेपर अर्धा का सोडतेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"जास्त पडले की पुढं नेतात. मला भिंतीकडचा तिसरा बाक पाहिजे."

"नेमके तेवढेच मार्क कसे पाडतेस?"

"बाकीच्या पोरींना किती येतं, ठाऊक हाय मला."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

शाळेत जाऊन सगळं सांगितलं. वर्गशिक्षक म्हणाले, "ताई, मार्क कमी पाडायला डोकं चालतं, अन् बाक बदलला की रडं? लाड हायत हे, आजार न्हाई." मुख्याध्यापकांना नियम मोडायचा नव्हता.

सोमवारी सवय लागावी म्हणून वर्गशिक्षकांनीच नियम मोडून तिला पहिल्या बाकावर बसवलं. ती बाकाखाली शिरली आणि ओरडत राहिली. वर्ग हसत होता. मला फोन आला: घेऊन जा, स्पेशल शाळेत घाला. त्याच शाळेच्या फाटकावर, फ्लेक्सवर तिचा चौथीतला फोटो होता.

आम्ही नांदेडला, विष्णुपुरीजवळ माझ्या भावाकडं राहायला आलो. नव्या शाळेत बाईंनी तिला आधी विचारलं, "कुठं बसतीस?" तिनं भिंतीकडचा तिसरा बाक दाखवला. पहिल्या चाचणीत तिनं पेपर पूर्ण लिहिला. पैकीच्या पैकी.

माझा भाऊ खूश झाला. "शाब्बास गं मने! आता बघ, पहिल्या बाकावर बसवतेत तुला!"

ती उठून आत गेली. थोड्या वेळानं आत जाऊन पाहिलं, तर दप्तरातून तपासलेला पेपर काढून ती बरोबर आलेली उत्तरं खोडत होती.

सकाळी बाईंना तो पेपर दाखवला. त्यांनी मृण्मयीला जवळ बोलावलं. "बाक तुझाच हाय. मार्क कितीबी पडू दे." पुढची चाचणी तिनं पुन्हा पूर्ण लिहिली.

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांनी मार्क घसरले की आधी त्याला वर्गात कुठं बसवतात ते विचारावं. बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी केलं ते एवढंच, की एका मुलीला एका जागी बसू दिलं. आधीच्या शाळेला तेवढंही जड झालं होतं.