दुसरं ताट

कपडे दुरुस्त करून देणाऱ्या मावशींच्या कुत्र्याला गल्लीत सगळे शेठ म्हणायचे. चालही तशीच होती, पोट पुढे आणि कुणाची पर्वा नाही. पण अलीकडे उंबरा ओलांडतानाही शेठला धाप लागायची. मावशींचे यजमान बस चालवायचे. ते गेले आणि वर्षभरात शेठ असा काही सुटला, की गळ्यातला पट्टा मावशींना दोनदा उसवून वाढवावा लागला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं, थायरॉईड पाहिलं. सगळं ठीक निघालं.

"आजार नाही, मावशी. खाणं जास्त होतंय. सांधे दुखतात त्याचे." त्यांनी मापाची वाटी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. उपाशी मात्र ठेवायचं नाही, वजन हळूहळूच उतरलं पाहिजे.

मावशींचा सगळा जन्म मापं घेण्यात गेलेला. वाटी बोटाने सपाट केल्याशिवाय त्या पुढे ठेवत नसत. तरी पुढच्या खेपेला वजनकाट्यावर शेठ आणखी भरला.

"घरात आणखी कोण घालतं त्याला खायला?"

"मी एकटीच असते."

डॉक्टरीणबाई शेठच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. शेवटी मावशीच हळूच म्हणाल्या, "ह्यांचं ताट असतं."

"पण काका तर..."

"गेले. पण जेवतात."

मग सगळंच बाहेर आलं. यजमान गेल्यावर एका संध्याकाळी सवयीने हाताने दोन ताटं वाढली. दुसरं उचलवेना, म्हणून तसंच ठेवून मावशी आतल्या खोलीत जाऊन पडल्या. सकाळी ताट लख्ख होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे तर बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, ताटात चमचा हलायचा. मावशी डोळे मिटून पडल्या पडल्याच विचारायच्या, "मीठ जास्त नाही ना झालं?" सकाळी ताट उचलताना त्या शेठकडे बघायच्या नाहीत. चुकूनसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ताट वाढू नका असं मी म्हणणार नाही. फक्त आज शेठला आत घ्या आणि दार लावा."

त्या संध्याकाळी शेठने दार खरवडलं, कुरकुर केली, मग मावशींच्या पायाशी घोरायला लागला. मावशी कान देऊन पडल्या. बाहेर चिटपाखरू हललं नाही.

सकाळी ताट जसंच्या तसं होतं. भाजीचा रस्सा थिजला होता. मावशी समोर बसल्या आणि यजमान गेले तेव्हा आलं नव्हतं ते रडू त्यांना आलं. "मेल्या, तूच होतास!" त्या शेठवर ओरडल्या. तो शेपूट हलवत जवळ आला. त्यांनी त्याला ढकललं. पुढचे काही दिवस वाटी त्याच्यासमोर आपटल्यासारखीच ठेवली जायची.

पण ताट वाढणं थांबलं, आणि घर खायला उठायला लागलं तशा त्या शेठला घेऊन बाहेर पडू लागल्या. आधी कोपऱ्यापर्यंत. तिथे शेठ फतकल मारायचा, मावशीही दम खायच्या. मग पुढच्या वळणापर्यंत. काटा थोडा थोडा खाली येऊ लागला. एकदा डॉक्टरीणबाईंनी बरगड्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "मावशी, कंबर दिसायला लागली की शेठची! आता नाव बदला."

मावशी कितीतरी महिन्यांनी हसल्या.

एका दुपारी शेठनेच त्यांना बस डेपोमागच्या चढावर ओढत नेलं. सुटल्यापासून हा चढ त्याला झेपतच नव्हता. वर भिंतीलगत ड्रायव्हर लोकांचा बाक होता, त्या वेळी रिकामा. शेठने हिसका देऊन साखळी सोडवली आणि धावत जाऊन पुढचे पाय बाकावर टेकले. शेपटीबरोबर सगळं अंग हलत होतं त्याचं. मग तो एकदम शांत झाला. मान तिरपी केली, डोळे मिटले. कुणी कानामागे खाजवलं की तो असाच करायचा.

मावशी चार पावलांवर थांबल्या. बाकावर कुणीही नव्हतं.

त्यांनी त्याला हाक मारली नाही. जमिनीवरची साखळी उचलून हातात सैल धरली आणि शेठचं होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.