साळुबाईची सावड

पिंपळवंडीत आमच्या वस्तीवरची सावड साळुबाईच्या शब्दावर चालायची. आज सगळ्या जणी माझ्या वावरात, उद्या मी धरून सगळ्या तुझ्या वावरात. मजुरी नाही, दिवसाला दिवस. कुणी दिवस बुडवला तर साळुबाई त्या बाईला चारचौघींत सोलून काढायची. शेजारची काकी म्हणून तिचा जीव होता माझ्यावर, पण मीही तिला टरकूनच असायचे.

मला डॉक्टर व्हायचं होतं. सीईटी तेव्हा नवी नवी होती, माझा अभ्यास झाला होता आणि मी हवेत होते. बारावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले, तर मागोमाग बायोलॉजीचे भगवंत सर सायकल दामटत वस्तीवर.

"वृषाली, सीईटीचा सिलॅबस बदलला. अकरावीचेही धडे आलेत."

अकरावीची पुस्तकं मी साळुबाईच्या पोरीला, समृद्धीला देऊन कधीच मोकळी झाले होते, आणि त्यातलं डोक्यात काही उरलं नव्हतं. त्यात आईचा हात मोडलेला. म्हणजे ऐन कांदाकाढणीत तिची सावड माझ्या गळ्यात. रडकुंडीला येऊन मी साळुबाईला सगळं सांगितलं.

"शिलाबस म्हंजी काय गं?"

"परीक्षेला काय काय येणार, ते."

"आन ते आत्ता बदललं? पेरून उगवल्यावर?" ती अशी भडकली, जणू तिच्याच वावरात कुणी नांगर घातला होता. "तुजी पात समृद्धी धरंल. तू बांधावर बसून वाच. पर मोठ्यानं वाच, न्हायतर डुलक्या काढशील."

मग काय विचारता. समृद्धीकडून पुस्तकं परत आणून बाभळीखाली मी धडेच्या धडे वाचत होते आणि खाली बाया आपापली पात, म्हणजे वाट्याची ओळ, धरून कांदे उपटत होत्या. हृदयाला चार कप्पे असतात म्हटल्यावर चिमाबाई म्हणाली, "चार? आमच्या घराला दोनच खोल्या हायेत." मी अडखळले की साळुबाई मान वर न करता म्हणायची, "परत म्हण." अभ्यासात एवढी मजा मला कधीच आली नव्हती.

निकाल लागला आणि मला मेडिकलला ॲडमिशन मिळाली. मी वावरातून पळत सुटले. साळुबाईनं मातीच्या हातांनीच मला कवटाळलं.

"काकी, डॉक्टर झाले की तुला फुकट तपासीन."

"ते ऱ्हाऊ दे. समृद्धीचे दिवस फेडायचे हायेत तुला. दिवसाला दिवस."

पुढच्या वर्षी पाडव्याला घरी आले. बॅग ठेवते न ठेवते तोच साळुबाईची हाक. गेले, तर बाभळीखाली समृद्धी बसलेली, मांडीवर माझीच जुनी पुस्तकं. ती सीईटीला बसणार होती आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. मला इतका आनंद झाला की माझा स्वतःचा निकाल फिका वाटला.

"परत बदलला शिलाबस," साळुबाईनं विळा माझ्या हातात दिला. "तिची पात तू धर."

मी ओढणी कमरेला खोचून वाकले. बांधावर समृद्धी वाचता वाचता अडखळली. मी उत्तर सांगणार, तेवढ्यात वावरातल्या सगळ्या बाया एकदम म्हणाल्या, "परत म्हण."