सर्ज्याचं आवतण

किसनरावांचा उजवा खांदा आखडला, तेव्हा पहिले आठ दिवस त्यांनी तो आखडलाच नाही असं सगळ्यांना पटवून दिलं. शर्टाची बाही बायको भागीरथाबाई चढवून देत, आणि हे शिंप्याला नावं ठेवत. शेवटी डोक्याला दुपट्टा बांधता येईना, तेव्हा मुलगा अमर पांढरकवड्याजवळच्या त्यांच्या गावी आला आणि बापाला गाडीत घालून लोहाऱ्याला आपल्या घरी घेऊन गेला. डॉक्टरांनी दहा दिवस रोज शेक घ्यायला सांगितला होता.

किसनरावांनी लगेच बोटं मोजली. दहावा दिवस म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. त्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी असते. हळद कालवलेलं तूप त्याच्या खांद्याला चोळायचं, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि कानाशी तोंड नेऊन उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. चाळीस वर्षांत हे त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं. गोठ्यात आता एकटा सर्ज्या उरला होता, तोही म्हातारा. नांगरणी ट्रॅक्टरनं होई, पिकातलं तण काढायच्या डवरणीला मात्र अजून तोच.

"दहाव्या दिशी दिवस बुडाच्या आंत मले घरी पोचव," त्यांनी बजावलं. अमर हो म्हणाला.

अमरच्या घरी स्नोई नावाची पांढरी, केसाळ कुत्री होती. तिला स्वतःची गादी आणि स्वतःचा डॉक्टर. किसनरावांना हा थाट बघवेना. पण तिसऱ्या दिवशी सोफ्यावरून उडी मारताना ती लंगडली आणि कुंईकुंई करू लागली, तेव्हा त्यांनाच राहवलं नाही. सून वैष्णवी लेकीला, अपेक्षाला, शाळेतून घेऊन आली, तर स्नोई कमरेपासून शेपटीपर्यंत पिवळीधमक आणि सासरेबुवांच्या हातात वाटी!

"बाबा, हे काय केलंत?"

"तूप-हळद हाय. यानं इतका मोठा बैल उभा राह्यते, हे त कुत्रं."

वैष्णवीनं तीनदा शॅम्पू लावला. रंग काही उतरला नाही. लंगडणं मात्र दुसऱ्या दिवशी थांबलं, आणि स्नोई आपली गादी सोडून किसनरावांच्या पलंगाखाली झोपू लागली.

"आबाजी, सर्ज्याला तुम्ही रोजच चारा देता ना?" एकदा अपेक्षानं विचारलं. "मग बोलवायचं कशाला?"

"रोज पुढ्यात टाकतो, पोरी. राबनाऱ्याले वर्षातून एकडाव तरी मानानं बोलवा लागते."

दहाव्या दिवशी सकाळी कंपनीत जाता जाता अमर म्हणाला, "बाबा, आज सुट्टी नाही मिळाली. उद्या पहाटेच नेतो."

"उद्या कायले? आवतण आजच असते!"

पण अमर घाईत होता. किसनराव गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याला घरात फसायचं नाही, हे भागीरथाबाईंनी वैष्णवीला सांगितलं असतं. तीन वाजता सून शाळेकडं गेली, तशी यांनी पिशवी उचलली, दार ओढून घेतलं आणि ऑटो धरला. चारची बस मिळाली की दिवस बुडायच्या आत गोठ्यात.

ऑटो मोठ्या रस्त्याला लागला आणि ऑटोवाला म्हणाला, "काका, तुमचं कुत्रं मागं पळून राह्यलं."

दार ओढताना स्नोई पायांतून निसटली होती. मागून ट्रक येत होते. किसनराव ऑटोतून उतरले आणि त्यांनी तिला डाव्या हातानं उचलून छातीशी धरलं. तिला रस्त्यावर सोडवेना, आणि एसटीत न्यावी तर घरचे शोधून वेडे होतील. ते परत आले. दाराला लॅच लागलेलं. दोघं पायरीवर बसून राहिले आणि चारची बस निघून गेली. पुढच्या बसनं घरी पोचेस्तोवर काळोख पडणार होता.

वैष्णवी आली, तेव्हा पिशवी घेऊन बसलेल्या सासऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला फार वाईट वाटलं. "माझा सर्ज्या वाट पाहीन," एवढंच ते बोलले.

तिन्हीसांजेला वैष्णवीनं सासूला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं भागीरथाबाईंनी स्वतः तूप-हळद चोळली होती, पळसाची पानंही गरम केली होती. त्यांनी फोन सर्ज्याच्या कानाशी धरला.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," किसनराव म्हणाले. सर्ज्यानं कान हलवला, मान वळवली आणि फोनच चाटला. अपेक्षा खदखदून हसली. भागीरथाबाईंनी पदरानं काच पुसली आणि त्या नवऱ्याकडं बघत राहिल्या.

"खांदा कसा हाय?"

"बरा हाय. शेकून शेकून मऊ केला यायनं."

"मंग तुमीबी आवतण घ्या," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "उद्या जेवाले या."

चाळीस वर्षांत त्यांनी 'जेवून घ्या' असं हजारदा म्हटलं होतं. आवतण कधी दिलं नव्हतं.

"येतो," किसनराव म्हणाले, आणि फोन अपेक्षाच्या हातात देऊन भिंतीकडं तोंड करून बसले.